बाजूच्या सीटचा पट्टा

ट्रकवरून ती गाडी उतरवली तेव्हा आमचा मेकॅनिक डेल तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि त्याने ट्रकवाल्याला विचारलं, “आणि उरलेली कुठाय?”

ट्रकवाला हसला नाही. “सही करा, मला निघायचंय,” एवढंच म्हणाला. मी सही करेपर्यंत तो गाडीकडे पाठ करून उभा होता. एरवी हे लोक आमच्याकडची फुकट कॉफी दोन-दोन कप प्यायल्याशिवाय हलत नाहीत. हा कॉफी न पिता गेला. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं. पण मला त्या वेळी गाडीचंच दुःख इतकं होतं की ट्रकवाल्याकडे बघायला सवड नव्हती.

गाडी मोठ्या घराण्यातली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. नाकावरचं चिन्ह बघितलं की लोक आपोआप ताठ उभे राहतात, असं ते घराणं. पण ही त्या घराण्यातली सगळ्यात धाकटी. ज्यांना मोठी परवडत नाही त्यांनाही ते चिन्ह मिरवता यावं, म्हणून कंपनीने ती काढलेली. समुद्रकाठच्या शहरांत अशा गाड्या खपत असतील. आमचं टॅमरॅक लेक गाव म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पार उत्तरेला. इथे माणसाची पत तो गाडीत किती उंच चढून बसतो त्यावर ठरते. या गाडीत चढायचं नव्हतं, उतरायचं होतं. विहिरीत उतरतात तसं.

आमच्या मालकीणबाई जोनेल. वडिलांच्या माघारी शोरूम तीच चालवते. तिने मला केबिनमध्ये बोलावलं.

“हार्लन, कंपनी म्हणते, ही धाकटी नाताळच्या आत विकली गेली नाही तर आपल्या दारावरची त्यांची पाटी काढून नेणार.”

“नेऊ दे. पिकअप विकू.”

“पिकअप विकायला मला खिडकीजवळ टेबल लागत नाही.”

खिडकीजवळचं टेबल माझं. मी त्या टेबलामागे म्हातारा झालो. त्याच्या कडेवर माझ्या कोपराने खळगा पाडलाय. या वयात मला दुसरं टेबल कोण देणार? घरी बसवलं असतं, आणि घरी लोइस असते.

लोइस म्हणजे माझी बायको. उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त आणि बोलण्यात हातभर. शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळं गाव तळलेले मासे खायला जमतं, तिथे कोणीतरी धाकट्या गाडीवरून मला डिवचलं आणि मी तोंडात घास असताना उभा राहून म्हणालो, “न खपणारी गाडी अजून जन्मली नाही. ही नाही विकली तर मी स्वतः घेईन, आणि रोज मेन स्ट्रीटवरून चालवीन!”

मग कोणीतरी कोबीची कोशिंबीर पुढे सरकवली.

“मला कुठे बसवणार आहेस?” लोइस म्हणाली. “टपावर?”

त्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारची बर्निस म्हणाली, गाडीत ताजा भाजलेला ॲपल पाय ठेव, वासाने गिऱ्हाईक विरघळतं. मी ठेवला. वासाने डेल विरघळला, पाय संपला. डुएन गोठेवाला म्हणाला, पुढे बर्फ ढकलायचं पातं बसव, निदान कामाची तरी दिसेल. कंपनीचा एक प्रेस्टन नावाचा तरुण माणूस मुख्य कचेरीतून फोन करायचा. तो म्हणाला, “गाडी विकू नका हार्लन, भावना विका. तिकडच्या लोकांना नेमकं काय वाटतं?”

“थंडी,” मी म्हणालो.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. डुएन स्वतः आला. बसला. मग त्याला बाहेर येता येईना. डेलने त्याचे बूट धरले, मी खांदे धरले, त्याच्या गुडघ्याने हॉर्न दाबला गेला तो सुटेपर्यंत वाजत राहिला. बाहेर आल्यावर त्याने टोपी झटकली आणि म्हणाला, “रेडिओ छान आहे.” दुसऱ्याने पेट्रोलपंपावरचा आपला बादलीएवढा कप आणला होता. तो कप कुठेच मावला नाही आणि कप मावत नाही ती गाडी आमच्याकडे गाडी समजली जात नाही. तिसऱ्याने विचारलं, शिकारीच्या हंगामात हरिण कुठे ठेवायचं? मी मागची जागा दाखवली. त्याने ती वितीने मोजली. “म्हणजे हरणाला पुढेच बसवावं लागणार,” तो म्हणाला. “पट्टा लावून.”

तरी काहीजण चक्कर मारून बघायला गाडी घेऊन गेले, दुसऱ्या खेपेला डुएनही. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायची आणि त्याला एकट्याला तळ्याभोवती जाऊ द्यायचं अशी पद्धत आहे. सोबत जाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. गेलेला प्रत्येकजण उड्या मारत गेला आणि गप्प होऊन परत आला. किल्ली माझ्या हातात ठेवायचा, थोडा वेळ तळ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “वेगळीच आहे हो.”

आता हे समजून घ्या. आमच्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. शेजारणीने करपवलेलं जेवण आणून दिलं तर ‘वेगळंच झालंय’ म्हणतात. वरमायेचा नवा झगा बघून म्हणतात, ‘वेगळाच आहे.’ त्यापुढे आणखी काही विचारायचं नसतं.

एक गोष्ट मात्र मला सतवायला लागली. गाडी परत आली की दर वेळी बाजूच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला असायचा. ताणून, नीट, कोणी बसलंय असा. मी तो सोडायचो आणि म्हणायचो, काय एकेक सवयी असतात माणसांना. चर्चचे पाद्री चक्कर मारून आले तेव्हा ते आपल्या बाजूने उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, बाजूचं दार उघडलं, हातात टोपी घेऊन क्षणभर थांबले आणि मग दार हळूच लावलं. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

शेवटी मी गाडी घरी न्यायची ठरवली. लोइसला बसवून बघावं, मावली तर ती माझी जाहिरात.

नोव्हेंबरात आमच्याकडे दुपारचा चहा होईतो अंधारतं. तळ्याच्या रस्त्यावर धुकं उतरलं होतं. तळं नुकतं गोठायला लागलं होतं. नवा बर्फ धरतो तेव्हा तो कण्हतो, लांबच लांब, कोणी झोपेत कूस बदलावी तसा. मला त्या आवाजाची लहानपणापासून सवय आहे. ज्याची सवय नव्हती तो आवाज गाडीच्या आतून आला.

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला होता. बसलेल्या माणसाचं छोटं चित्र, छातीवर तिरपा पट्टा. बाजूला बसलेल्याने पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ. मी बाजूला बघितलं. बाजूला कोणी नव्हतं. माझा डबा मागे होता, कोट अंगात होता. मी सीटवरून हात फिरवला. सीट रिकामी होती आणि गार होती. मी रस्त्याच्या कडेला थांबलो, दार उघडून लावलं, इंजिन बंद करून चालू केलं. टिंग. टिंग. आवाज चिडलेला नव्हता. कोणी दाराशी उभं राहून नखाने हळूच वाजवावं तसा होता.

मग मी तेच केलं जे माझ्या आधी सगळ्यांनी केलं असणार. हात लांब करून तो पट्टा ओढला आणि खटकन लावला.

आवाज थांबला.

उरलेला रस्ता मी फक्त समोर बघून चालवला. माझ्या मानेला उजवीकडे वळता येतं हे त्या दिवशी मी मुद्दाम विसरलो. घरी पोचलो तर लोइस दारात.

“कोणाला आणलंस जेवायला?”

“कोणाला नाही. का?”

“मग पट्टा कोणाला लावलाय?” ती म्हणाली. तिला गाडीत बसवून बघायचं मी रद्द केलं. तिने ताट मात्र एक जास्त वाढलं.

सकाळी डेलने ती सीट उचकटली. खाली पाईनची सुकलेली दोन पानं निघाली, बाकी काही नाही. त्याने सीटची वायर काढून हातात धरली. म्हणाला, “आता वाजूच शकत नाही.” वायर त्याच्या हातात असतानाच टिंग वाजलं. मग त्याने ती परत जोडली, सीट जागेवर बसवली, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तशा बेताने. “यांत्रिक बिघाड नाही,” म्हणाला, आणि सकाळी सकाळीच जेवायला निघून गेला.

मी डुएनला फोन केला. “तू चक्कर मारलीस तेव्हा वाजलं होतं?”

“वाजलं ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझ्या गाडीबद्दल वाईट कसं बोलायचं हार्लन? मला वाटलं, तुझ्याचकडचं कोणीतरी असेल.”

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. पाद्रीबाबांना माहीत होतं. शुक्रवारी माशांच्या ताटावरून माझ्याकडे जे बघत होते, ते माझ्या विक्रीच्या कौशल्याकडे बघत नव्हते. एवढी वर्षं गावात काढून माणसाला स्वतःच्या गाडीतली भानगड सगळ्यात शेवटी कळावी, यापेक्षा मोठा अपमान मला माहीत नाही.

प्रेस्टनला फोन लावला. त्याने मला बराच वेळ संगीत ऐकवलं, मग म्हणाला, “बाजूला बसणाऱ्याचं वजन किती आहे?”

“काहीच नाही.”

“मग दिवा लागणार नाही.”

“लागतो.”

“आमच्याकडे अशी एकही तक्रार आलेली नाही. म्हणजे असं होत नाही.”

“अरे बाबा, मीच करतोय ना तक्रार!”

“वजनाशिवाय तक्रार घेता येत नाही हार्लन,” तो मनापासून वाईट वाटून म्हणाला.

मी टेबलावरचा माझा कपाळपुसणीचा रुमाल आणि कॅलेंडर गोळा करायच्या विचारात होतो, तेव्हा व्हर्न टॉरगर्सन आला. गाडीचं तेल बदलायला आला होता. त्याची बायको आर्डिस गेल्या हिवाळ्यात गेली. त्यांच्या सगळ्या गाड्या मीच विकलेल्या. धंद्यातलं माझं एकच शास्त्र आहे: नवऱ्याला इंजिन दाखवायचं, बोलायचं बायकोशी. आर्डिसने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही. आयुष्यभर बाजूला बसली आणि गाडी कुठली घ्यायची ते मात्र तिनेच ठरवलं. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. थंडी वाजली तरी बोलायची नाही, फक्त कोटाची कॉलर धरून बसायची. मग व्हर्न आपणहून हीटर वाढवायचा.

व्हर्नने खिडकीतून धाकटी बघितली. “ती काय आहे रे?”

“तुझ्या कामाची नाही.”

तो बाहेर गेला, दार उघडलं, आत उतरला. टिंग ऐकू आलं तसा मी कोट न घालताच धावलो. तो त्या लाल दिव्याकडे बघत बसला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्याने हात वर केला.

“हार्लन,” तो म्हणाला, “मला आर्डिसला विचारावं लागेल.”

‘बायकोला विचारतो’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. विक्रेत्याला सभ्यपणे झटकून टाकायचा तो आमच्याकडचा झाडू आहे. पण व्हर्नने तो झाडू म्हणून नाही वापरला. आणि मी तरी काय बोलणार? ‘आर्डिस नाहीये’ असं माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं? म्हणालो, “विचार की. घाई नाही.”

दुसऱ्या दिवशी तो चर्चचा कोट घालून आला. “चक्कर मारू. तूही चल.”

मी सवयीने बाजूच्या दाराकडे गेलो. व्हर्न खाकरला. मी थांबलो आणि मुकाट्याने मागे शिरलो.

त्या गाडीच्या मागच्या सीटवर आजवर कोणी बसलं असेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाइकांना ती मी लांबूनच दाखवायचो. माझे गुडघे आणि कान यांची त्या दिवशी कित्येक वर्षांनी भेट झाली. शोरूमच्या काचेमागून जोनेल आणि डेल बघत होते. मी इज्जत सांभाळण्यासाठी हात हलवायला गेलो, तर हात निघेना.

व्हर्नने बाजूचा पट्टा ओढून लावला. या गाड्यांच्या सीटा बटण दाबलं की गरम होतात; मग त्याने त्या बाजूच्या सीटची ऊब सुरू केली. “आता बरं?” तो म्हणाला. मला नाही.

आम्ही तळ्याच्या रस्त्याला लागलो. धुक्यात खालून बर्फ कण्हत होता. मी व्हर्नला इंजिनाबद्दल सांगायला लागलो, तर तो म्हणाला, “मला काय सांगतोस?” त्याचं बरोबर होतं. मी माझंच शास्त्र विसरलो होतो. घसा साफ केला आणि त्या रिकाम्या सीटच्या पाठीला म्हणालो, “आर्डिस, हिचा हीटर लवकर तापतो बघ.”

पहिलं वाक्य बोलताना लाज वाटली. दुसऱ्याला कमी. तिसऱ्यानंतर मी तिला काचा, बसणं, डागडुजी सगळं सांगत सुटलो, आणि ती नेहमीसारखी ऐकत होती. नेहमी म्हणजे माझ्याकडे न बघता. मध्येच माझं लक्ष व्हर्नच्या कोपराकडे गेलं. गाडी इतकी लहान की दोन सीटच्या मध्ये हात ठेवायला जागाच नाही, नुसती फट. त्याचं कोपर त्या फटीच्या वर टेकलेलं होतं. कशावर? कशावरच नाही. हवेत. खड्डा आला, गाडी उडाली, माझं डोकं टपाला लागलं. त्याचं कोपर किंचित दाबलं गेलं आणि परत वर आलं.

त्यानंतर त्या फेरीत मी काही विकलं नाही.

शोरूमशी आल्यावर व्हर्न म्हणाला, “आर्डिस म्हणते, वेगळीच आहे.”

मेली म्हणून काय झालं, बाई इथलीच.

“बर्फाच्या ढिगाऱ्यांवरून पलीकडचं दिसत नाही म्हणते. ती उंचवाली दाखव.”

म्हणजे तिकडे गेल्यावरसुद्धा माणसांना उंचच गाडी लागते. मी त्याच घराण्यातली थोरली काढली. जोनेलचा चेहरा उजळला. थोरली विकली गेली तर निदान वर्षाअखेरचे बोनस सुटत होते. मागची सीट दिवाणासारखी. मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीत पाय पसरून बसलो.

व्हर्न चढला. बाजूची सीट उबदार केली. वाट बघितली. आवाज नाही, दिवा नाही. त्याने पट्टा लावला, सोडला, परत लावला. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत तो दिव्याच्या जागेकडेच बघत गेला. दोन सीटच्या मध्ये स्वयंपाकाच्या ओट्याएवढी पेटी होती. त्याचं कोपर त्या पेटीवर धपकन पडलं आणि तिथेच राहिलं.

त्याने गाडी कडेला घेतली.

“हार्लन,” तो समोर बघत म्हणाला, “इथे कोणी नाही रे.”

धंद्यातली माझी सगळी वर्षं एका दमात तोंडाशी आली. नवी गाडी आहे, सवय व्हायला वेळ लागतो, दोन दिवस चालवून बघ. एवढं म्हटलं असतं तर त्याने थोरली घेतली असती, माणूस मऊ आहे. पण धाकटी राहिली असती, पाटी गेली असती, टेबल गेलं असतं. असं मी नंतर लोइसला सांगितलं. खरं म्हणजे त्या वेळी मला टेबल आठवलं नाही. त्याचं ते कोपर बघवेना.

“व्हर्न,” मी म्हणालो, “पायरी केवढी उंच आहे बघ. तिच्या गुडघ्यांचं काय?”

तो वळला. “गुडघे!”

“ती थोडीच सांगणार आहे.”

“नाहीच सांगणार,” तो म्हणाला. “तशीच उभी राहिली असेल तिथे. थंडीत.”

परतताना तो ज्या वेगाने आला त्या वेगाने टॉरगर्सन घराण्यात आजवर कोणी गाडी चालवलेली नाही. धाकटी होती तिथेच होती, धुक्यात, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आत लाल दिवा जळत होता. व्हर्न उतरून जवळजवळ पळत गेला. त्याने भावात एका शब्दाची घासाघीस केली नाही, आणि मीही पहिल्यांदाच मनापासून उतरवून सांगितला.

किल्ली देताना जोनेल म्हणाली, “अभिनंदन.” मग जरा थांबून, “दोघांचंही.” मी बाजूचं दार लावलं. लावण्याआधी कोटाचं टोक दारात अडकत नाही ना ते खाली वाकून बघितलं. काचेमागून डेल बघत होता. हसला नाही.

प्रेस्टनचा फोन लगेच आला. आमच्या भागात ही गाडी विकणारा मी पहिला. “गिऱ्हाइकाला नेमकं काय आवडलं?”

“जागा.”

“त्या गाडीत?”

“नाहीच आहे जागा. म्हणून जवळ बसता येतं.”

तो इतका खूश झाला की त्याने ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. आणि बक्षीस म्हणून नाताळच्या आत आणखी तीन धाकट्या पाठवून दिल्या. टेबल वाचलं, म्हणून मला त्याला वाईटही बोलता येईना. “तीन?” लोइस म्हणाली. “शुक्रवारी मासे खाताना तोंड बंद ठेव.”

बर्फ पडत होता त्या सकाळी ट्रक आला. तोच ट्रकवाला. या वेळी खालीच उतरला नाही; काच खाली करून कागद बाहेर धरला. “तीन आहेत. सही करा.”

डेल बाहेर आला. उरलेली कुठाय वगैरे काही बोलला नाही. त्याने टोपी काढली.

पहिल्या गाडीच्या बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला होता.

मी काचेवरचा बर्फ पुसला, दार उघडलं आणि आत बसलो. “सुप्रभात,” मी म्हणालो. “कोणाला फोन करू?” या वर्षी गावातून कोण कोण गेलं ते मी मनात आठवत होतो. बर्निसचा भाऊ. डुएनची आई. शाळेची बस चालवायचा तो. प्रत्येकाची बाजूची जागा घरात अजून तशीच असणार, आणि घरातलं कोणी काही म्हणत नसणार.

तेवढ्यात बाजूच्या सीटच्या उबेचा छोटा दिवा आपोआप लागला.

बाजूला जे कोणी होतं त्याला थंडी वाजत होती, एवढंच. मी इंजिन सुरू केलं, हीटर वाढवला आणि गाडी नीट तापेपर्यंत शेजारी बसून राहिलो.